सात हाली, सहा कलदार

वैजापूरच्या शेतकऱ्याला येवल्याच्या बाजाराला जायला परदेशी जावे लागत नसे, पण नाणे मात्र बदलावे लागे. तालुका निजामाच्या औरंगाबाद जिल्ह्यात. पलीकडे येवला आणि कोपरगाव इंग्रजी मुलखात. वाटेत करोडगिरीचा नाका, म्हणजे जकात. आणि कनवटीला दोन प्रकारचे रुपये: निजामाचा 'हाली' आणि इंग्रजांचा 'कलदार'. हाली म्हणजे चालू, कलदार म्हणजे कळीवर, यंत्रावर पाडलेला.

दर साधा होता, सात हालींना सहा कलदार. सरकारी कागदावर तोच 100 कलदारांना 116 रुपये 10 आणे 8 पै असा लिहिला जाई. एका कलदाराचे हालीत 18 आणे 8 पै. उलटा हिशेब मात्र आडवा: एका हालीचे कलदारात 13 आणे साडेआठ पैंहून किंचित जास्त. ती किंचित कुणाच्या पदरात पडे, हे सराफाच्या गल्ल्याला ठाऊक. बट्टा लागणे हा वाक्प्रचार आपण अब्रूसाठी वापरतो. मूळचा तो नाण्याच्या मोडीतला.

हा दर कुठून आला? चांदीतून. कलदार बरोबर एक तोळ्याचा, म्हणजे 12 माशांचा, आणि त्यात अकरा मासे शुद्ध चांदी. हाली साडेअकरा माशांचा, पण चांदीचा कस 81.8 टक्के, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे 9.4 मासे. सात हालींत ती भरते जवळपास 65.9 मासे आणि सहा कलदारांत 66. मुत्सद्द्यांच्या करारापेक्षा तराजूच अधिक बोलत होता.

पण तराजू नेहमी स्थिर राहिला नाही. जगभर चांदी स्वस्त होत होती. 1893 साली इंग्रज सरकारने आपल्या टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या, आणि कलदाराची किंमत त्यातल्या चांदीपासून सुटली. हाली मात्र चांदीला बांधलेला. चांदी घसरली की तोही घसरे, आणि हुंडणावळ हेलकावे खाई. मग हैदराबादनेही टांकसाळ सरकारच्या ताब्यात घेतली आणि 1903च्या सुमारास यंत्रावर पाडलेला, चारमिनारचे चित्र असलेला नवा रुपया काढला. म्हणजे हालीही एका अर्थाने 'कलदार'च झाला, नाव तेवढे जुने राहिले. चारमिनारच्या कमानीत आधी महबूब अली खानांचा 'मीम' होता. 1911 नंतर तिथे उस्मान अली खानांचा 'ऐन' आला आणि नाणे 'उस्मानिया सिक्का' म्हणवू लागले.

पहिल्या महायुद्धात चांदीचा तुटवडा पडला तेव्हा, 1918 साली, हैदराबादने नोटाही काढल्या. त्यांवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू आणि कानडीतही किंमत छापलेली असे. पुढे उस्मानिया सिक्क्याचा कारभार सांभाळायला 1941च्या कायद्याने हैदराबाद स्टेट बँक उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात कलदारातली चांदी निम्म्यावर आली, हालीतलीही उतरली. माशांचा जुना हिशेब संपला, सात-सहा तेवढे शिल्लक उरले.

खरी कसोटी आली 1947च्या अखेरीस. भारताशी 'जैसे थे' करार 29 नोव्हेंबरला झाला आणि थोड्याच दिवसांत निजाम सरकारने वटहुकूम काढला: संस्थानात भारतीय रुपया कायदेशीर चलन राहणार नाही. भारत सरकारने त्यावर कडक आक्षेप घेतला. दिल्ली-हैदराबादच्या वादात हा एक मुद्दा होता. सीमेवरच्या तालुक्यांत मात्र तो रोजच्या व्यवहाराचा प्रश्न होता. येवला-मनमाडकडे माल विकून मिळणारा पैसा कलदार, आणि घरी परतल्यावर तोच बेकायदा.

17 सप्टेंबर 1948 ला संस्थान शरण आले, पण हाली त्याच दिवशी गेला नाही. 1950 मध्ये भारतीय रुपया त्याच्या शेजारी अधिकृतपणे आणला गेला, तोही सात-सहाच्याच दराने, आणि हाली टप्प्याटप्प्याने मागे घेतला गेला. 70 हालींचा पगार आता 60 रुपयांचा दिसणार होता. आकडा लहान, मोल तेवढेच, पण ते घरी पटवून देणे कठीण. असे बांधलेले दर आजही आहेत: 1993 पासून 100 भारतीय रुपयांना 160 नेपाळी हा रक्सौल-बीरगंजच्या सीमेवरचा रोजचा हिशेब आहे.

1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि वैजापूर-येवल्यामधली राज्याची सीमाही पुसली. पाचच महिन्यांनी, 1 एप्रिल 1957 ला, नवे पैसे आले. त्यानंतर 116 रुपये 10 आणे 8 पै हा आकडा जुन्या वहीत सापडलाच, तर तो वाचायला आधी आणे-पै शिकावे लागतात.