खेळाचा तोल आणि खेळाडूंचे मंडळ

१७७१ सालच्या सप्टेंबर महिन्यात इंग्लंडमध्ये चर्टसी आणि हँबल्डन या दोन संघांत क्रिकेटचा सामना झाला. चर्टसीकडून खेळणारा व्हाइट नावाचा फलंदाज जवळजवळ यष्टींइतकी रुंद बॅट घेऊन मैदानात उतरला. त्या वेळच्या नियमांत बॅटीच्या रुंदीविषयी एक शब्दही नव्हता. त्यामुळे त्याने नियम मोडला असे कोणालाच म्हणता येईना. पण गोलंदाजाने करावयाचे काय? हँबल्डनच्या खेळाडूंनी लेखी निषेध नोंदवला, बॅटीची रुंदी सव्वाचार इंचांहून अधिक नसावी असा आग्रह धरला, आणि पुढे तोच नियम झाला. आज अडीचशे वर्षे उलटली तरी बॅटीची रुंदी तेवढीच आहे. २०१७ साली बॅटीच्या कडेची आणि पाठीची जाडीही ठरवून द्यावी लागली, कारण जाड बॅटींपुढे गोलंदाज पुन्हा दुबळा ठरू लागला होता.

क्रिकेटची ही गोष्ट येथे सांगण्याचे कारण असे की, खेळाचा तोल बिघडला आहे हे प्रथम खेळाडूलाच कळते. ज्याचे जळते त्यालाच कळते म्हणतात ते खरे. मात्र हँबल्डनच्या खेळाडूंचा निषेध ऐकून घेणारे कोणी तरी होते. आज आपल्यापैकी पुष्कळ जण मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर जे स्पर्धेचे ऑनलाइन खेळ खेळतात, त्यांत हे ऐकणारे कोण? तेथे मैदान कंपनीचे, पंच कंपनीचा, आणि बॅटी विकण्याचे दुकानही कंपनीचेच. काल रात्री जी बंदूक उत्तम होती ती सकाळी नव्या अपडेटनंतर निकामी झालेली असते. एखाद्याने सहा महिने खपून ज्या पात्राचा सराव केला, ते पात्र एका रात्रीत दुबळे होते. तक्रार करावयाची तर ती वाऱ्यावर जाते.

तोल म्हणजे सर्वांना सारखेच देणे नव्हे. बुद्धिबळात दोन्ही बाजूंना सारखी मोहरी असतात, तरी पांढऱ्याला पहिल्या चालीचा थोडा लाभ मिळतोच. ऑनलाइन खेळांत तर पात्रे, शस्त्रे, वाहने मुद्दाम वेगवेगळी ठेवलेली असतात. ‘लीग ऑफ लेजंड्स’ या खेळात दीडशेहून अधिक पात्रे आहेत. त्यांपैकी कोणते प्रबळ झाले आहे हे ठरविण्याची आपली पद्धत त्या कंपनीने २०१९ साली जाहीर केली. तीत खेळाडूंचे चार स्तर मानले आहेत: सामान्य, कुशल, अतिकुशल आणि व्यावसायिक. असे करावे लागले, कारण एकच पात्र सामान्य खेळाडूच्या हाती पडले की हरते आणि व्यावसायिकाच्या हाती गेले की प्रतिपक्षाला धूळ चारते. म्हणजे ‘हे पात्र फार प्रबळ आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर आपण कोणाला विचारतो त्यावर अवलंबून राहते. खेळाडूंचे मंडळ नेमून तोल साधावयाचा म्हटले की पहिली अडचण हीच. मंडळात बसणार कोण?

या प्रश्नाचा सर्वांत दीर्घ अनुभव असलेला खेळ आइसलंडमध्ये तयार झाला. त्याचे नाव ‘ईव्ह ऑनलाइन’. राजधानी रेक्याविक येथील सीसीपी या कंपनीने तो २००३ साली सुरू केला. हा अंतराळातील खेळ आहे. हजारो खेळाडू एकाच विश्वात वावरतात. खनिजे काढतात, त्यांपासून जहाजे बांधतात, ती बाजारात विकतात, आणि आघाड्या करून एकमेकांशी युद्धे करतात. युद्धात फुटलेले जहाज परत मिळत नाही. ते बांधण्यास लागलेला माल, वेळ आणि पैसा सर्व गेले. खरे पैसे देऊन खेळातील चलन मिळविण्याचा अधिकृत मार्गही आहे, त्यामुळे नुकसानाची किंमत डॉलरमध्ये मांडता येते. जानेवारी २०१४ मध्ये झालेल्या एका लढाईत, जी सुमारे एकवीस तास चालली, बुडालेल्या जहाजांचे मोल तीन लाख डॉलरच्या घरात असल्याचा अंदाज वर्तविला गेला. आम्हां वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना विशेष वाटावे अशी गोष्ट म्हणजे, या खेळातील बाजारावर लक्ष ठेवण्यासाठी कंपनीने २००७ साली एयोल्फुर गुडमुंडसन या अर्थशास्त्रज्ञाची पूर्ण वेळ नेमणूक केली. ते पुढे आइसलंडमधील आकुरेरी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

त्याच वर्षी या खेळात मोठा गहजब उडाला. कंपनीचा एक कर्मचारी स्वतः खेळत असे, आणि तो ज्या बलाढ्य आघाडीत होता तिला त्याने अतिशय दुर्मिळ जहाजांचे आराखडे गुपचूप मिळवून दिल्याचे उघडकीस आले. असा एक आराखडा हाती असणे म्हणजे कायमच्या नफ्याचा मक्ता. कुंपणानेच शेत खाल्ले, मग दाद मागावयाची कोणाकडे? कंपनीने अंतर्गत चौकशीसाठी स्वतंत्र विभाग उभारला आणि त्याबरोबरच खेळाडूंनी निवडलेले मंडळ स्थापन करण्याचे ठरविले. २००८ च्या मे महिन्यात पहिली निवडणूक झाली. नऊ सभासद निवडून आले आणि जूनमध्ये कंपनीच्या खर्चाने रेक्याविकला बैठकीस गेले.

या मंडळाचा जन्म जहाजांचा तोल बिघडल्यामुळे झाला नाही, तो विश्वासाचा तोल बिघडल्यामुळे झाला, ही बाब मला महत्त्वाची वाटते. कोणत्या तोफेचा मारा किती टक्क्यांनी कमी करावा हे कंपनीच्या आकड्यांतून नऊ माणसांपेक्षा अधिक चांगले कळते. पण तो निर्णय कोणाच्या फायद्यासाठी घेतला, हे आकडे सांगत नाहीत. कंपनी कायद्याच्या तासाला आपण स्वतंत्र संचालक आणि लेखापरीक्षक यांच्याविषयी शिकतो. ते धंदा चालवीत नाहीत. धंदा चालविणाऱ्यांकडे बाहेरच्या नजरेने पाहतात. खेळाडूंचे मंडळ हे त्या जातीचे आहे. त्याला नकाराधिकार नाही. कंपनीचे बेत त्याला आधी दाखविले जातात, त्यावर ते मत देते, आणि बैठकीचे इतिवृत्त सर्व खेळाडूंसाठी प्रसिद्ध होते.

बेत आधी दाखविले जातात, यातच दुसरी मेख आहे. पुढच्या महिन्यात अमुक जहाजाला तमुक खनिज अधिक लागणार, हे ज्याला आज ठाऊक आहे तो आजच ते खनिज खरेदी करून ठेवील. शेअर बाजारात यास अंतर्गत माहितीवरचा व्यवहार म्हणतात आणि त्यासाठी सेबीचे २०१५ चे विनियम आहेत. ‘ईव्ह’च्या सभासदांना गुप्ततेच्या करारावर सही करावी लागते. तरीही २००९ साली एका सभासदाने अशा माहितीच्या आधारे खरेदी केली आणि त्याला राजीनामा द्यावा लागला. याच्या उलट प्रकार २०१९ साली घडला. गुप्त माहिती फोडल्याच्या आरोपावरून कंपनीने एका सभासदाला मंडळातून काढले आणि खेळातूनही बंद केले; फेरतपासात आरोपाला आधार नसल्याचे आढळले व कंपनीला जाहीर क्षमा मागावी लागली. आरोप करणारी, चौकशी करणारी आणि शिक्षा देणारी एकच कंपनी असली की निर्दोष माणूसही असा भरडला जातो.

आता मतदानाकडे वळू. पहिल्या निवडणुकीत मतदानास पात्र असलेल्यांपैकी जेमतेम दहा-अकरा टक्क्यांनीच मत दिले. यात नवल ते काय? आपल्या संस्थांच्या निवडणुका आपण पाहतोच. परंतु त्याचा परिणाम असा झाला की, ज्या आघाड्यांचे सभासद हुकुमासरशी मत देतात त्यांचे उमेदवार सहज निवडून येऊ लागले. ‘ईव्ह’मध्ये काही प्रदेश पोलिसांच्या पहाऱ्यातले आहेत, तर काही पूर्णपणे बेबंद. मोठ्या आघाड्यांचे राज्य बेबंद प्रदेशांत. एकटे-दुकटे व्यापारी, खाणकाम करणारे आणि नवखे खेळाडू पहाऱ्यातल्या प्रदेशांत. धोका न पत्करता खाणकामातून किती मिळावे, हा या खेळातील तोलाचा खरा झगडा आहे, आणि त्यात एक पक्ष मंडळात बसलेला तर दुसरा विखुरलेला.

२०१२ च्या निवडणुकीत एका आघाडीच्या पुढाऱ्याला एकट्याला दहा हजारांवर मते पडली. (पुढे एका समारंभात त्याने एका दुःखी खेळाडूची जाहीर टवाळी केली आणि ती जागा गमावली, पण ते असो.) २०१३ पासून मग एकल संक्रमणीय मतपद्धती लागू करण्यात आली. आपल्याकडे राष्ट्रपतींची आणि राज्यसभेची निवडणूक ज्या पद्धतीने होते तीच ही. मतदार पसंतीचे क्रम देतो. उमेदवाराला आवश्यक तेवढी मते मिळाली की उरलेली मते पुढच्या पसंतीकडे जातात, आणि सर्वांत मागे पडलेल्याचीही मते वाया जात नाहीत. आपल्या २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १६३ व्या कलमात संचालक नेमण्यासाठी ही पद्धत स्वीकारण्याची मुभा आहे, हे पाठ्यपुस्तकात वाचले होते. ती अंतराळातील जहाजांच्या खेळात भेटेल असे वाटले नव्हते. या पद्धतीने विखुरलेल्या गटांना थोडी संधी मिळाली, तरी मोठ्या आघाड्यांचे वर्चस्व संपले नाही. शिस्तीने पसंतीक्रम वाटून देणेही त्यांनाच जमते.

तथापि या मंडळाने काही केलेच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०११ च्या उन्हाळ्यात कंपनीने जहाजे बाजूला ठेवून पात्रांचे कपडे आणि अलंकार विकण्याचे दुकान मांडले. त्यातील एका डोळ्यावरच्या भिंगाची किंमत साठ डॉलरांहून अधिक होती. पाठोपाठ कंपनीचे एक अंतर्गत पत्रक बाहेर फुटले. त्यात लोभ चांगला की वाईट याचीच चर्चा होती! पुढे पैसे मोजणाऱ्याला अधिक प्रबळ शस्त्रेही मिळू लागतील, या भीतीने खेळाडूंनी खेळातच निदर्शने केली, अनेकांनी वर्गणी बंद केली. कंपनीने घाईघाईने मंडळाला रेक्याविकला बोलावले. बैठकीनंतर दोघांनी मिळून निवेदन काढले की, लढाईत वरचढ ठरविणारी वस्तू पैशाने विकण्याचा बेत नाही. ऑक्टोबरात कंपनीच्या प्रमुखांनी क्षमा मागितली, आणि वर्षअखेरीच्या विस्तारात जहाजांकडे व दुबळ्या पडलेल्या तोफांकडे पुन्हा लक्ष दिले गेले. मंडळाच्या शब्दामागे बंद झालेल्या वर्गण्यांचे बळ होते, हे विसरता येत नाही. भागधारक शेअर विकून जातो तेव्हाच संचालकांना त्याचे म्हणणे ऐकू येते, तसेच हे.

मंडळाऐवजी प्रत्येक बदल सर्व खेळाडूंच्या मतास का टाकू नये, असे कोणी विचारील. ‘ओल्ड स्कूल रुनस्केप’ या इंग्लंडमधील खेळाने २०१३ पासून तेच केले. नवा बदल करावयाचा तर प्रथम ७५ टक्के मते मिळाली पाहिजेत, असा नियम ठेवला. शांतपणे एकट्याने खेळणारे बहुसंख्य खेळाडू त्यावर खूष होते. पण त्या खेळात एकमेकांशी लढणाऱ्यांचा एक लहान गट आहे. त्यांच्या सोयीचा कोणताही ठराव आला की, ज्यांनी त्या रानात कधी पाऊल टाकलेले नाही तेही विरोधी मत देत, आणि ठराव पडे. शेवटी लढाईसंबंधीचे बदल मतदानाला न टाकण्याचे कंपनीने ठरविले.

उद्या एखाद्या भारतीय खेळासाठी असे मंडळ निघाले, आणि २०२५ च्या कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिल्यानंतर ते निघणे अशक्य नाही, तर आपल्या कंपनी कायद्यातील १५१ वे कलम त्याच्या घटनेत घालून पाहावे असे मला वाटते. शेअर बाजारात सूचिबद्ध असलेल्या कंपनीत लहान भागधारकांना आपल्यातून एक संचालक निवडता येतो, अशी त्यात तरतूद आहे. लहान म्हणजे ज्याच्या शेअरांचे दर्शनी मूल्य वीस हजार रुपयांपर्यंत आहे असा. ‘ईव्ह’च्या पहिल्या मंडळात नवख्यांसाठी अशी एकही जागा नव्हती. खेळात येऊन ज्याला वर्षही झालेले नाही, अशाला ती द्यावी. आणि त्याचे वर्ष पुरे झाले की ती रिकामी करून घ्यावी.