चोर-स्विच

मराठीतला 'चोर' हा शब्द मोठा गमतीचा आहे. चोरखिसा चोराचा नसतो. तो चोरापासून लपवलेला असतो. चोरकप्प्याचे तसेच, चोरदरवाज्याचेही तसेच. गॅरेजमधल्या मिस्त्री मंडळींनी या कुळात आणखी एका शब्दाची भर घातली आहे : चोर-स्विच.

आमच्या वडिलांची प्रीमियर पद्मिनी होती. घरात तिला सगळे 'फियाट'च म्हणत. आळीतली एक गाडी रातोरात नाहीशी झाली, तेव्हा बाबांनी एक रविवार खर्ची घातला आणि एक बटण व दोन हात वायर एवढ्या सामग्रीवर आपल्या गाडीत असा स्विच बसवला.

त्यातली युक्ती समजून घेण्यासारखी आहे. जुन्या पेट्रोल गाडीत बॅटरीचा १२ व्होल्टचा प्रवाह किल्लीच्या स्विचमधून कॉइलमध्ये जातो. डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट उघडले की तो एकदम तुटतो, आणि त्या तुटण्यातूनच हजारो व्होल्टची ठिणगी निपजते. चोर डॅशबोर्डखालच्या वायरी जोडून किल्लीला बगल देतो. किल्ली आणि कॉइल यांच्यामध्ये लपवलेले बटण त्याला अडवते खरे; पण मुरलेला चोर बॅटरीपासून थेट कॉइलला वायर लावील, त्याचे काय? म्हणून बाबांनी पॉइंटांकडे जाणारी वायर बटणामार्फत गाडीच्या पत्र्याला जोडली. बटण चालू केले की पॉइंट उघडोत वा मिटोत, प्रवाह तुटतच नाही. मग ठिणगी पडणार कुठून? इंजिन नुसते गरगरत राहते. चोराला वाटावे, गाडीच बिघडलेली आहे!

हौशी माणसे याच्याही पुढे गेली. हान्स कॅमेंझिंड यांनी १९७१ साली रचलेली '५५५' ही टायमर चिप १९७२ मध्ये बाजारात आली. तिला १०० किलो-ओहमचा रेझिस्टर आणि १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला की सुमारे ११ सेकंदांचा अवधी मिळतो. दार उघडल्यावर मालकाने तेवढ्यात गुप्त बटण दाबले तर ठीक. नाहीतर हॉर्नचा आकांत! काहींनी नुसता एक लाल दिवाच डॅशबोर्डवर लुकलुकत ठेवला. त्याच्यामागे काहीसुद्धा नाही. चोराच्या मनात चांदणे असतेच, त्यात या दिव्याची भर.

या सर्वांचे बळ एकच. कारखान्याचे कुलूप हजारो गाड्यांना सारखे. घरचे कुलूप मात्र ज्याचे त्याला ठाऊक. पण त्यातला धोकाही तोच.

१९९२ सालच्या पावसाळ्यात एका रात्री बाबांच्या छातीत कळ आली. मी तेव्हा शाळेत होतो. शेजारचे काका गाडी चालवायला धावून आले. बाबांना मागच्या सीटवर निजवले, किल्ली फिरवली. इंजिन गरगरले, पण सुरू होईना. पावसात गाडी ढकलूनही पाहिली. शेवटी आई त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "अहो, गाडी सुरू होत नाही हो!"

ओठ जेमतेम हलले. "सीटखाली... बटण."

पाच-सात मिनिटे गेली असतील. मला ती अजून विसरता येत नाहीत.

बाबा वाचले. दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी पहिले काम केले ते हे, की आईला आणि काकांना बटणाची जागा दाखवली.

आता गाड्या बदलल्या. जर्मनीत आणि ब्रिटनमध्ये १९९८ पासून नव्या मोटारींना इलेक्ट्रॉनिक इमोबिलायझर सक्तीचा झाला. किल्लीतली चिप ओळखल्यावाचून इंजिन सुरू होत नाही. चोरही शिकले. बिनकिल्लीच्या गाड्यांत ते घरात पडलेल्या किल्लीचा रेडिओ-संदेश यंत्राने गाडीपर्यंत पोहोचवतात. त्यावरही घरगुती उतारा आहे : किल्ली घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवावी, आणि तो डबा दाराशी नेऊन गाडी उघडत नाही ना, हे एकदा पाहावे. नव्या गाडीच्या वायरींना मात्र आपण हात लावू नये. तिथे सगळा कारभार संगणकांचा. चोर-स्विच हवाच असेल तर तो जाणत्या माणसाकडूनच बसवून घ्यावा.

आमच्या नात्यात कोणी नवी गाडी घेतली की पेढे येतात. आई पेढा हातात घेते, गाडीचा रंग विचारत नाही, किंमत विचारत नाही. तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "बटण कुठे आहे ते बायकोला सांगितलेस का?"