दानाचे नियम आणि संशोधनाचा हिशेब

दान कसे करावे याविषयी रामबाम यांनी बाराव्या शतकात आठ पायऱ्या सांगून ठेवल्या आहेत. गरजूला स्वतःच्या पायांवर उभे करणे ही सर्वांत वरची पायरी. देणारा व घेणारा यांनी एकमेकांस न ओळखणे ही तिच्या खालोखालची. रामबाम स्वतः वैद्य होते. दानाचे मोल केवळ रकमेवर नव्हे, तर ते ज्या रीतीने दिले जाते तिच्यावर ठरते, हा विचार आपल्या वाचकांस नवा नाही. आरोग्यविषयक संशोधनासाठी दिल्या जाणाऱ्या मोठ्या देणग्यांना हीच कसोटी लावून पाहावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. उदाहरणादाखल लंडन येथील वेलकम ट्रस्ट ही धर्मादाय संस्था घेऊ.

हेन्री वेलकम यांचा जन्म 1853 साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन प्रांतात झाला. 1880 साली सायलस बरोज यांच्यासह त्यांनी लंडनमध्ये औषधांची कंपनी काढली आणि तीत अमाप संपत्ती मिळविली. 1936 साली ते वारले, तेव्हा त्यांच्या मृत्युपत्रान्वये कंपनीचे सर्व भाग विश्वस्तांकडे आले. भागांचे उत्पन्न वैद्यकीय संशोधनासाठी व वैद्यकाच्या इतिहासाच्या अभ्यासासाठी खर्च करावे, अशी त्यांची इच्छा होती. पुढे पन्नास वर्षे या दानाचा ओघ एकाच कंपनीच्या औषधविक्रीवर अवलंबून राहिला. 1986 साली विश्वस्तांनी कंपनीचे काही भाग प्रथमच बाजारात विकले आणि 1995 साली उरलेला हिस्सा ग्लॅक्सो कंपनीस दिला. आज संस्थेचा निधी तीस अब्ज पौंडांहून अधिक असून तो निरनिराळ्या ठिकाणी गुंतविलेला आहे. दात्याचा व्यवसाय आणि त्याचे दान यांची अशी फारकत झाल्याने संशोधनाचा विषय निवडताना विश्वस्तांचे हात मोकळे झाले.

अनुदान मागणाऱ्यास प्रथम आपली योजना लेखी मांडावी लागते. त्या विषयातील जाणकार तिचे परीक्षण करतात, समिती तिच्यावर विचार करते आणि बहुधा अर्जदाराची मुलाखतही होते. अर्जदाराशी ज्याचा हितसंबंध आहे अशा सभासदाने त्या निर्णयापासून दूर राहावे, असा दंडक असतो. ओळखपाळख पाहून पैसा मिळू नये, हाच या साऱ्या खटाटोपामागील उद्देश होय.

पैसा मंजूर झाला तरी तो वाटेल तसा खर्चता येत नाही. संशोधनासाठी नेमलेल्या साहाय्यकांचे वेतन, रसायने, उपकरणे, आवश्यक प्रवास हे खर्च अनुदानातून भागविता येतात. परंतु विद्यापीठाच्या इमारतीची देखभाल, दिवाबत्ती, कार्यालयीन कारभार यांचा सरसकट भार ब्रिटिश विद्यापीठांच्या बाबतीत हा ट्रस्ट सामान्यतः उचलीत नाही. विद्यापीठात कायम नोकरीवर असलेल्या प्रमुख संशोधकाचा पगारही सामान्यतः विद्यापीठानेच द्यावयाचा असतो. मग ही तूट कोण भरून काढतो? इंग्लंडमध्ये धर्मादाय संस्थांकडून आलेल्या संशोधनाला पूरक म्हणून सरकार विद्यापीठांना वेगळा निधी देते. म्हणजे दात्याच्या प्रत्येक पौंडामागे सामान्य करदात्याचाही काही वाटा असतो. खासगी दानावर चाललेल्या कामात जनतेचाही हक्क कसा निर्माण होतो, हे यावरून ध्यानात येईल.

तो हक्क या ट्रस्टने नियमांत उतरविला, हे त्याचे विशेष होय. 1996 साली बर्म्युडा येथे मानवी जनुकांच्या संशोधकांची जी बैठक झाली, तिच्या आयोजनात ट्रस्टचा पुढाकार होता. वाचून झालेला जनुकक्रम चोवीस तासांच्या आत सर्वांसाठी खुला करावा, असे त्या बैठकीत ठरले. पुढे 2005 साली ट्रस्टने अट घातली की, आपल्या पैशावर झालेल्या संशोधनाचे लेख सहा महिन्यांच्या आत कोणालाही विनामूल्य वाचता आले पाहिजेत. 2021 पासून ही सहा महिन्यांची सवलतही काढून घेण्यात आली. आचरणाचेही नियम आहेत: सहकाऱ्यांचा छळ वा धाकदपटशा करणाऱ्याचे अनुदान रोखता येईल, असे 2018 साली ठरले.

हे सर्व दूर लंडनमधील असले, तरी त्यातील एक प्रश्न आपल्या दारापर्यंत येऊन ठेपला आहे. आपला समाज लहान, आणि पिढ्यान्‌पिढ्या सोयरीक बहुतांशी आपसांत झालेली. त्यामुळे शास्त्रज्ञांना आपल्या रक्ताविषयी विशेष औत्सुक्य वाटते. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात केवळ अठरा बेने इस्राएल व्यक्तींच्या जनुकांची इतर ज्यू, भारतीय व पाकिस्तानी समूहांच्या जनुकांशी तुलना करण्यात आली. आपल्या रक्तात ज्यू व भारतीय अशा दोन्ही पूर्वजांचा मोठा अंश आहे, असा निष्कर्ष त्यातून निघाला. कोकणच्या किनाऱ्यावरील आपली कथा आपण आजी-आजोबांच्या तोंडून ऐकत आलो. तिचाच एक पुरावा येथे छापून आला. हा लेख सर्वांस खुल्या असलेल्या नियतकालिकात आल्याने आपली मुले तो विनामूल्य वाचू शकतात. तोच एखाद्या महागड्या नियतकालिकात कुलूपबंद झाला असता, तर ज्यांचे रक्त त्यांनाच त्याचा अर्थ विकत घ्यावा लागला असता.

इस्राएलमध्ये जनुकीय माहितीचा कायदा 2000 साली झाला असून, अशा तपासणीसाठी व्यक्तीची जाणीवपूर्वक संमती घेणे बंधनकारक आहे. माणसांवरील वैद्यकीय संशोधनास हेलसिंकी समितीची मंजुरी लागते. परंतु कायदा असला म्हणून आपले काम संपत नाही. घरातील वडीलधारी माणसे डॉक्टरांसमोर प्रश्न विचारण्यास संकोचतात आणि समोर आलेल्या हिब्रू कागदावर मुकाट्याने सही करतात, हे आपण सर्व जाणतो. अशा वेळी लेकी-सुनांनी, मुला-नातवंडांनी त्यांच्या शेजारी बसून चार गोष्टी विचाराव्यात. या कामाला पैसा कोण देतो? दिलेला नमुना किती काळ व कशासाठी ठेवला जाईल? मन बदलल्यास तो परत मागता येईल काय? आणि जे निष्पन्न होईल ते आम्हांस वाचावयास मिळेल काय?

असे विचारणे म्हणजे अविश्वास दाखविणे नव्हे. प्रामाणिक संशोधकास या प्रश्नांची उत्तरे आधीच ठाऊक असतात, कारण पैसा देणाऱ्या संस्थेने ती त्याच्याकडून अगोदरच मागितलेली असतात. रक्ताचा थेंब देणारा माणूसही एक दाताच आहे. लक्षावधी पौंड देणाऱ्यास ज्या अटी घालण्याचा अधिकार आहे, त्यांतील निदान एक, म्हणजे फळ सर्वांस मिळावे ही अट, घालण्याचा अधिकार या दात्यासही आहे.