तक्रार म्हणजे पुन्हा पुन्हा सांगणं

मी कवितेचा माणूस. शिक्षण बी.ए.पर्यंत. मोटारीच्या यंत्राविषयी मी चार लोकांसमोर बोलतो आहे हे आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीला कळलं, तर तो हातातला पाना खाली ठेवून हसेल. पण विषय माझ्यावर येऊन आदळलेला आहे, म्हणून बोलतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही एक छोटी गाडी घेतली. चार वर्षं ती शहाण्या मुलासारखी वागली. वॉरंटी संपली आणि दोन-तीन महिन्यांनी आम्ही मिरजेहून रत्नागिरीला निघालो. बायको शेजारी, अम्मी मागच्या सीटवर तस्बीह फिरवत बसलेली. आंबा घाटातल्या एका वळणावर स्टीअरिंग एकदम जड झालं. म्हणजे कसं, तर बोटानं ढकलायच्या दरवाजामागे कुणी धान्याचं पोतं टेकवून ठेवावं, तसं. समोर पिवळा दिवा लागला. मी दोन्ही हातांनी चाक ओढलं, गाडी वळली आणि पुढं कडेला थांबली. अम्मी म्हणाली, "काय झालं रे?" मी म्हटलं, "काही नाही, जरा पाय मोकळे करू." गाडी बंद करून पुन्हा चालू केली, तर दिवा गेला आणि स्टीअरिंग लोण्यासारखं मऊ!

सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. तिथल्या तरुणानं गाडी फिरवून आणली आणि जॉब कार्डावर लिहिलं, 'तपासले, दोष आढळला नाही.' मला म्हणाला, "सर, असं कधी कधी होतं. परत झालं तर बंद करून चालू करा." महिन्याभरात परत झालं. पुन्हा तेच वाक्य. तिसऱ्यांदाही तेच. तेव्हा मी हा विषय वाचायला घेतला.

आधी साधी गोष्ट समजून घेऊ. आपण हातातलं चाक फिरवतो, तेव्हा त्याचा दांडा फिरतो. दांड्याच्या टोकाला दातेरी चक्र असतं. ते एका आडव्या दातेरी पट्टीला डावी-उजवीकडे सरकवतं. हीच रॅक. रॅकच्या दोन्ही टोकांना टाय रॉड असतात आणि ते पुढची चाकं वळवतात. जुन्या छोट्या गाड्यांत एवढंच असायचं. जोर सगळा आपल्या दंडाचा. मग पॉवर स्टीअरिंग आलं. सुरुवातीला इंजिनावर चालणारा पंप तेलाच्या दाबानं मदत करायचा. हल्लीच्या छोट्या गाड्यांत ते काम विजेची मोटार करते. दांड्यावरचा सेन्सर आपल्या हाताचा जोर मोजतो, एक छोटा संगणक हिशेब करतो आणि मोटार तेवढा हात लावते. पंप सतत फिरत नसल्यानं इंधन वाचतं, म्हणून छोट्या गाड्यांत ही पद्धत रुळली.

ही मोटार बंद पडली तरी दांडा, रॅक आणि टाय रॉड जोडलेलेच असतात. म्हणजे गाडी वळते. फक्त मदतनीस निघून गेलेला असतो. पण सवय झालेल्या माणसाला वाटतं, स्टीअरिंग लॉक झालं. तो घाबरून हात सोडतो किंवा करकचून ब्रेक मारतो आणि अपघात तिथं होतो. गंमत अशी, की वेगात मदत कमी लागते. हळू चालताना, वळताना, गाडी लावताना जास्त लागते. म्हणून वयस्कर माणसाला किंवा हातात जोर कमी असलेल्याला चौकातलं वळणही धोक्याचं ठरतं.

आता अमेरिकेत घडलेली एक गोष्ट सांगतो. जनरल मोटर्स कंपनीची 'शेवरोले कोबाल्ट' ही तिथल्या हिशेबानं छोटी गाडी. २००५ ते २०१० या मॉडेल वर्षांची. नव्यानं कामाला लागलेल्या, कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना परवडणारी. या गाडीचं विजेवरचं पॉवर स्टीअरिंग चालता चालता बंद पडतं, अशी पत्रं मालक लिहू लागले. तिथं सरकारचं वाहनसुरक्षा खातं आहे आणि कुणीही सामान्य माणूस त्याच्याकडे तक्रार नोंदवू शकतो. एकानं लिहिलं, दहांनी लिहिलं, शंभरांनी लिहिलं. अकराशेहून अधिक तक्रारी जमल्या. त्यांत चौदा अपघात आणि एक जण जखमी झाल्याची नोंद होती. जानेवारी २०१०मध्ये खात्यानं चौकशी उघडली. मार्चच्या सुरुवातीला कंपनीनं कोबाल्ट आणि तिच्या बहिणी शोभतील अशा पॉन्टियाक गाड्या मिळून सुमारे तेरा लाख गाड्या परत बोलावल्या आणि स्टीअरिंगची मोटार बदलून द्यायचं ठरवलं. कंपनीचं म्हणणं असं, की गाडी ताब्यात राहते, फक्त ताशी पंधरा मैलांखाली, म्हणजे चोवीस किलोमीटरखाली, जोर जास्त लागतो.

इथं गोष्ट संपली असती, तर ती सुखान्त म्हटली असती. पण त्याच मार्च महिन्यात जॉर्जिया राज्यात एक तरुण परिचारिका आपल्या २००५च्या कोबाल्टमधून जात असताना अपघातात गेली. त्या दिवशी तिचा वाढदिवस होता. काही दिवसांपूर्वीच, गाडी चालता चालता बंद पडते म्हणून तिनं ती दुरुस्तीला दिली होती. घरच्यांचा पहिला संशय पॉवर स्टीअरिंगवरच गेला. परंतु गाडीतल्या नोंदयंत्रानं वेगळंच सांगितलं. अपघाताच्या क्षणी किल्ली 'चालू'वर नव्हतीच. ती एक घर मागं सरकलेली होती.

झालं असं होतं. किल्ली जिथं फिरते तो आतला स्विच ढिला होता. किल्लीला जड जुडगा असला किंवा गुडघ्याचा धक्का लागला, की ती आपोआप मागं सरकायची. मग इंजिन बंद, पॉवर स्टीअरिंगची मदत बंद, ब्रेकची मदत संपत आलेली आणि सगळ्यात भयंकर म्हणजे धडक बसली तरी एअरबॅग उघडायची नाही. चालकाच्या हाताला मात्र पहिल्यांदा काय कळणार? स्टीअरिंग जड झालं, एवढंच. ताप एकच, रोग दोन. डॉक्टरनं ताप मोजून एका रोगाची गोळी दिली आणि दुसरा रोग आत तसाच राहिला.

कुटुंबाच्या वकिलानं नेमलेल्या अभियंत्यानं नवे-जुने स्विच उघडून शेजारी ठेवले. दोन्हींवर भागाचा क्रमांक एकच. पण आतली छोटी दट्टी नव्या स्विचमध्ये दीड मिलिमीटरच्या आसपास जास्त लांब. म्हणजे स्विच मध्येच गुपचूप सुधारला होता आणि क्रमांक बदलला नव्हता. फेब्रुवारी २०१४मध्ये कंपनीनं स्विचसाठी गाड्या परत बोलवायला सुरुवात केली आणि हा आकडा वाढत सव्वीस लाखांवर गेला. नुकसानभरपाई निधीनं शेवटी १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. अमेरिकी काँग्रेसच्या सुनावणीत या सुट्या भागाची किंमत ५७ सेंट सांगितली गेली. डॉलरचे शंभर सेंट होतात; हिशेब तुम्हीच करा.

मला यातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट यंत्राची नाही, शब्दांची आहे. किल्ली सरकून गाडी बंद पडते, हे कंपनीतल्या लोकांना कितीतरी आधी माहीत होतं. २००५मध्ये विक्रेत्यांना सूचनाही गेली होती, की ग्राहकाला जुडग्यातल्या नको त्या वस्तू काढायला सांगा. मग दुरुस्ती का झाली नाही? कारण या दोषाची नोंद 'ग्राहकाची सोय' या सदरात झाली होती, 'सुरक्षितता' या सदरात नव्हे. हमरस्त्यावर गाडी बंद पडणं ही गैरसोय! खण चुकला आणि फाईल त्या खणात वर्षानुवर्षं पडून राहिली.

आणखी एक. २००८मधल्या एका अंतर्गत प्रशिक्षणात कर्मचाऱ्यांना ६९ शब्दांची यादी दिली होती. हे शब्द अहवालात वापरू नका, असं सांगणारी. त्यात 'धोकादायक' होता, 'मृत्यूचा सापळा' होता, अगदी 'फिरती शवपेटी' असेही प्रयोग होते. 'समस्या' लिहू नका, 'बाब' किंवा 'स्थिती' लिहा. 'दोष' लिहू नका, 'रचनेप्रमाणे काम करत नाही' असं लिहा. मे २०१४मध्ये सरकारनं कंपनीला साडेतीन कोटी डॉलर दंड केला, तेव्हा हे कागद उजेडात आले. शब्द बोथट केला, की वाचणाऱ्याचं मनही बोथट होतं, हे कवीला कुणी सांगायला नको. माझ्या जॉब कार्डावरचं 'दोष आढळला नाही' हे वाक्य मला त्या दिवशी वेगळंच दिसू लागलं. 'दोष आढळला नाही' आणि 'दोष नाही' यांत किती अंतर आहे! पहिल्या वाक्यात शोधणाऱ्याची मर्यादा आहे. आपण ते दुसऱ्या वाक्यासारखं वाचतो आणि घरी जातो.

मिस्त्रीला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "शायरसाब, तुमची चूक एकच. तुम्ही तिथं जाऊन 'स्टीअरिंग जरा जड वाटतं' म्हणता. 'जरा' कशाला? आणि 'वाटतं' कशाला? किती किलोमीटर झाले, वेग किती होता, ऊन होतं की पाऊस, कुठला दिवा लागला, ते लिहून द्या. दिव्याचा फोटो काढा." कवितेत नेमका शब्द शोधणारा मी, गाडीच्या बाबतीत मोघम बोलत होतो.

त्यानं आणखी काही गोष्टी शिकवल्या, त्या तुम्हालाही उपयोगी पडतील. गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी टायरमधली हवा आणि अलाइनमेंट बघा. ठरावीक वेगात चाक थरथरत असेल तर बॅलन्सिंग. हातातलं चाक हलतं पण गाडी लगेच वळत नाही, मध्ये पोकळ खेळ आहे, खड्ड्यात टकटक येते, तर टाय रॉडचे एंड आणि बॉल जॉइंट तपासा. यात दिरंगाई नको. आणि दिवा लागून स्टीअरिंग एकदम जड झालं, तर तो विजेच्या मदतीचा बिघाड. त्या वेळी हात सोडू नका, दोन्ही हातांनी जोर लावा, वेग हळूहळू कमी करा, कडेला थांबा. चालत्या गाडीत किल्ली फिरवू नका. स्टीअरिंग खरंच लॉक होऊ शकतं. इंजिनच बंद पडलं असेल तर ब्रेक सारखा सारखा दाबू नका, एकदाच दाबून धरा; साठलेली मदत एक-दोन दाबांपुरतीच असते. बंद करून चालू केल्यावर ठीक झालं, म्हणजे बरं झालं असं नव्हे. आणि किल्लीचा जुडगा हलका ठेवा. घराच्या, कपाटाच्या, गोदामाच्या किल्ल्या गाडीला लटकवू नका.

आपल्याकडेही आता कायदा आहे. मोटार उत्पादकांच्या संघटनेनं २०१२मध्ये स्वेच्छेनं गाड्या परत बोलावण्याची पद्धत सुरू केली. २०१९मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२१पासून सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश केंद्र सरकार देऊ शकतं. सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांना ते नियम लागू आहेत. मालकांच्या तक्रारी ठरावीक संख्येपर्यंत पोचल्या, की प्रकरण पुढं सरकतं. सरकारच्या 'वाहन' संकेतस्थळावर दोषाची नोंद करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि ग्राहक आयोगाकडे जायचं तर कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. तिथं तोंडी रडगाणं चालत नाही. जॉब कार्ड, बिलं, फोटो, लेखी अर्ज यांचीच भाषा चालते.

चौथ्यांदा गेलो तेव्हा माझ्या हातात एक कागद होता. सहा प्रसंग, सहा तारखा, किलोमीटरचे आकडे, दिव्याचे दोन फोटो. खाली पोच मागितली. तरुण तेच वाक्य लिहायला लागला. मी म्हटलं, "बेटा, लिही, पण 'किती वेळ चालवून पाहिली' तेही लिही." तो थांबला. त्यानं वरिष्ठांना बोलावलं. गाडी दोन दिवस ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी फोन आला, चाचणीत बिघाड दिसला. मोटारीसकट स्टीअरिंगचा दांडा बदलला. निम्मा खर्च त्यांनी सोसला, निम्मा मी. त्यानंतर आजतागायत तो दिवा लागलेला नाही.

जाता जाता शब्दाचंच एक सांगतो. आमच्या घरी उर्दू बोलली जाते. तिथं गाऱ्हाण्याला 'शिकायत' म्हणतात. मराठीत आपण 'तक्रार' म्हणतो. हा शब्द मूळ अरबी. अरबीत त्याचा अर्थ आहे पुनरावृत्ती. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणं. मराठीनं तो गाऱ्हाण्यासाठी घेतला, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. एकदा सांगितलं तर ती कुरकुर. तीच गोष्ट नेमकेपणानं, लिहून, पुन्हा पुन्हा आणि अनेकांनी सांगितली, तर ती तक्रार. त्या अकराशे मालकांपैकी कुणी कुणाला ओळखत नसेल. प्रत्येकाला वाटलं असेल, आपल्या एकट्याच्या पत्रानं काय होणार? पण ते पत्र त्यांनी टाकलं.

परवा पुन्हा आंबा घाट उतरलो. त्याच वळणावर अम्मीनं विचारलं, "त्या दिवशी इथं पाय मोकळे करायला थांबलो होतो ना?" मी तिला खरं काय झालं होतं ते सांगितलं. ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

प्रश्न बरोबर होता.