सह्याद्रीवर पाणी तापेल का?

सह्याद्री लाव्हारसातून घडला, मग त्याच्या उष्णतेवर आपलं आंघोळीचं पाणी का तापत नाही? कारण तो लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, केव्हाच निवला. आइसलँडखाली मात्र दोन भूपट्ट अजून एकमेकांपासून दूर सरकताहेत, शिलारस वर येतोय. तिथली दहापैकी नऊ घरं भूगर्भातल्या उष्णतेवर उबदार राहतात. खर्च विहिरी खणण्याचा नि नळ टाकण्याचा. तो अख्ख्या गावात वाटला जातो, म्हणून परवडतो.

छतावरच्या सौर पॅनेलचं गणितही असंच: पैसे आधी, ऊन फुकट. ३ किलोवॅटला केंद्राचं ७८,००० रुपये अनुदान आहे. उरलेली रक्कम वाचलेल्या वीजबिलातून फिटते. म्हणून आधी वर्षभराची बिलं काढून बघा. वापर कमी, तर वसुली लांब.