नव्वदातले त्रेपन्न

एप्रिलमधला शेवटचा शनिवार. घरात दोन दिवसांपासून नातेवाईक जमलेत, टेबलावर खाण्याचे डबे उघडे पडलेत आणि ज्याच्यासाठी हा सगळा गोतावळा, तो बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा फोन मुठीत धरून सोफ्याच्या कडेला बसलाय. टीव्हीवर सातव्या फेरीतलं शेवटचं नाव पुकारलं जातं. ते त्याचं नसतं. कुणी समजुतीचं काही बोलणार, तेवढ्यात फोन वाजतो. पलीकडे एजंट असतो. दोन संघ घ्यायला तयार आहेत, कुठला ते आत्ताच सांग, नाहीतर दोन्ही जातील.

अमेरिकेतल्या शेकडो घरांत दरवर्षी हे असंच घडतं. एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची सर्वांत मोठी व्यावसायिक लीग. तिच्यात 32 संघ आहेत आणि कॉलेजातून बाहेर पडणारे खेळाडू वाटून घेण्याची त्यांची रीत म्हणजे ‘ड्राफ्ट’. आपण आयपीएलचा लिलाव पाहतो. तिथे बोली लागते. इथे पाळी असते. आदल्या वर्षी जो संघ तळाला राहिला तो आधी निवडतो, विजेता शेवटी, आणि अशा सात फेऱ्या होतात. 2025 साली ग्रीन बे या गावी झालेल्या ड्राफ्टमध्ये 257 नावं पुकारली गेली. कॉलेजात फुटबॉल खेळणारे मात्र हजारोंनी असतात. नाव न पुकारलेल्यांपैकी ज्यांना फोन येतो ते ‘अनड्राफ्टेड रूकी’, म्हणजे यादीबाहेरचे नवखे. कुणी संघ असे दहा घेतो, कुणी वीस.

या पद्धतीचे जनक फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल. श्रीमंत संघ चांगले खेळाडू पळवतात, मग आमच्यासारख्यांनी काय करायचं, ही त्यांची तक्रार. ती मान्य झाली आणि 1936 साली पहिला ड्राफ्ट झाला: 9 संघ, 9 फेऱ्या, 81 नावं. त्यातलं पहिलंवहिलं नाव होतं शिकागो विद्यापीठाच्या जे बरवँगरचं. हा गडी एकही व्यावसायिक सामना खेळला नाही. पैशांचं जमलं नाही, आणि त्याने दुसरा पोटापाण्याचा मार्ग धरला. म्हणजे जाणकारांचा अंदाज आणि मैदानावरचं वास्तव यांचं बिनसलं ते पहिल्या नावापासूनच.

पुढे संघ वाढले, फेऱ्या वाढल्या. एके काळी तर 30 फेऱ्या चालत. मग त्या कमी होत गेल्या, 1977 मध्ये 12 झाल्या आणि 1994 पासून 7 वर थांबल्या. पूर्वी ज्यांचं नाव विसाव्या फेरीत का होईना पण यायचं, ते आता यादीबाहेर राहतात. एजंट मंडळी मात्र एक गोष्ट खासगीत सांगतात. सातव्या फेरीत निवडलं जाण्यापेक्षा कधी कधी न निवडलं जाणं बरं. सातव्या फेरीतला खेळाडू ज्याने निवडलं त्याच्या दावणीला बांधला जातो. न निवडलेल्याला निदान गोठा निवडता येतो. कुठल्या संघाकडे कुठली जागा रिकामी आहे, कुणाचा गुडघा दुखावलाय, कुणाचं वय झालंय, हे पाहून एजंट संघ सुचवतो. त्या शनिवारच्या दहा मिनिटांत हा हिशेब उरकावा लागतो.

करार तीन वर्षांचा असतो आणि आकडा ऐकून आपले डोळे विस्फारतात. 2025 साली रूकीचा किमान पगार होता वर्षाला 8,40,000 डॉलर, म्हणजे सात कोटी रुपयांच्या घरात. मेख अशी की हा पगार हंगाम सुरू झाल्यावर आठवड्या-आठवड्याने मिळतो, आणि तोही संघात असला तर. आधी हाती पडतो तो एक छोटासा बोनस. त्याच वर्षी ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेलेला कॅम वॉर्ड याचा करार चार वर्षांचा, साधारण 4 कोटी 80 लाख डॉलरचा, आणि सगळाच्या सगळा हमीचा.

खरा फरक या पैशाच्या पाठीमागे आहे. पहिल्या फेरीतल्या मुलावर कुणीतरी आपली अक्कल पणाला लावलेली असते. जनरल मॅनेजरने त्याचं नाव घेतलेलं असतं, मालकाने पत्रकारांसमोर त्याच्या हाती जर्सी दिलेली असते. तो पडला तर त्याला निवडणारेही पडतात. म्हणून त्याला दुसरी संधी मिळते, तिसरी मिळते, ‘जरा वेळ लागेल’ असं म्हणून सांभाळून घेतलं जातं. अनड्राफ्टेड मुलगा गेला तर कुणाचंच नाक कापलं जात नाही. एक चूक आणि तो घरी. त्याला चांगलं ठरवण्यात कुणाचा स्वार्थ नाही, ही त्याची खरी अडचण. आणि इतकं होऊनही तो टिकला, तर ते निव्वळ खेळामुळे टिकलेलं असतं, हा त्याचा मान.

जुलैअखेर कॅम्प सुरू होतो. एका संघात 90 जण घेता येतात, हंगामाला उरतात 53. फुटबॉलमध्ये चढाई करणारे अकरा वेगळे, बचाव करणारे अकरा वेगळे, आणि प्रत्येक जागेसाठी तीन-चार जणांची उतरंड. आपला मुलगा उतरंडीच्या सर्वांत खालचं मडकं. कॅम्पमध्ये इतकी माणसं असतात की एकच नंबर दोघांच्या पाठीवर असू शकतो, एक चढाईतला, एक बचावातला. सरावात मुख्य खेळाडूला भरपूर पाळ्या मिळतात, याला दोन नाहीतर तीन. त्या प्रत्येक पाळीचं चित्रीकरण होतं आणि प्रशिक्षक ते नंतर पुन्हा पुन्हा बघतात. कुणाचा पाय आधी हलला, कुणी इशारा चुकीचा वाचला, सगळं पडद्यावर. अमेरिकेत अशा मुलांसाठी एक रोकडा शब्दप्रयोग आहे: ‘कॅम्प बॉडी’. कॅम्पला लागणारं एक शरीर. मोहऱ्यांना धडका देण्याचा सराव व्हावा म्हणून समोर उभी करायला माणसं लागतात. त्यांतली बहुतेक त्याच कामापुरती आणलेली असतात, आणि हे त्यांनाही ठाऊक असतं.

ऑगस्टमध्ये तीन सराव सामने होतात. नामवंत खेळाडू थोडा वेळ खेळून टोपी घालून बाजूला उभे राहतात. शेवटचा चतुर्थांश येतो, प्रेक्षक गाडीच्या किल्ल्या चाचपत उठू लागतात, तेव्हा हा मैदानात उतरतो. अर्ध्या रिकाम्या स्टेडियममधली ती मिनिटं म्हणजे त्याची तोंडी परीक्षा.

या परीक्षेत सर्वाधिक गुण मिळवून देणारा विषय प्रेक्षकांच्या खिजगणतीतही नसतो. त्याचं नाव ‘स्पेशल टीम्स’. चढाई थांबली की संघ चेंडू लांब लाथाडून देतो, त्याला पंट म्हणतात. खेळ सुरू होताच, चेंडू लाथाडला जाण्याआधीच, दोन्ही कडांना उभे असलेले दोघे सुसाट सुटतात. त्यांना ‘गनर’ म्हणतात. प्रत्येकाला अडवायला समोर एक, कधी दोन जण. हातांनी त्यांना झटकत, रेषेबाहेर ढकलले न जाता, चाळीस-पन्नास यार्ड धावत जायचं आणि चेंडू झेलणाऱ्यापाशी अशा बेताने पोचायचं की त्याला पाऊल टाकायलाही जागा मिळू नये. लवकर पोचून झेलाआधीच धडकलात तर दंड. उशिरा पोचलात तर तो पळाला. नीट पोचलात तर काहीच घडत नाही, आणि ते काहीच न घडणं हीच कामगिरी. टाळ्या नाहीत, वर्तमानपत्रात नाव नाही. कोट्यवधी डॉलरच्या खेळाडूचं शरीर अशा धडकांत कुणी झिजवत नाही. म्हणूनच 53 मधल्या शेवटच्या चार-पाच जागा ठरवताना प्रशिक्षक विचारतात, याला पंटवर धावता येतं का?

मग येतो छाटणीचा दिवस. 2025 मध्ये तो 26 ऑगस्ट होता, दुपारी चार वाजेपर्यंत मुदत. 90 मधून 53 वजा केले की 37, गुणिले 32 संघ. कागदावर हिशेब 1184 माणसांचा. त्यांत जायबंदी, वयस्क, ड्राफ्टमधून आलेले असे सगळेच असतात, पण अनड्राफ्टेड रूकींवर कुऱ्हाड पहिल्यांदा पडते. निरोप घेऊन येणाऱ्या कर्मचाऱ्याला खेळाडूंनी जुन्या काळापासून ‘टर्क’ असं नाव ठेवलंय. त्याने खांद्यावर हात ठेवून प्लेबुक घेऊन साहेबांकडे ये म्हटलं की कळायचं ते कळतं. डावपेचांची ती जाडजूड वही परत करायची म्हणजे शिक्का मारला. आता वहीऐवजी टॅब्लेट परत करतात. सकाळी जेवणघरात सगळे दाराकडे पाठ करून बसतात, जणू दिसलो नाही तर बोलावणार नाही.

छाटलेल्याचं सगळंच संपत नाही. नवख्या खेळाडूचं नाव चोवीस तास ‘वेव्हर’च्या यादीत लागतं. तेवढ्यात दुसरा संघ त्याला उचलू शकतो. नाहीच उचललं तर ‘प्रॅक्टिस स्क्वाड’ उरतो. प्रत्येक संघाला असे 16 जण ठेवता येतात. ते आठवडाभर सराव करतात, पुढच्या प्रतिस्पर्ध्याचे डाव हुबेहूब वठवून दाखवतात आणि सामन्याच्या दिवशी सहसा बाहेर राहतात. 2025 साली त्यांना आठवड्याला निदान 13,000 डॉलर मिळत. रेल्वेच्या भाषेत हे आरएसी. गाडीत बसायला मिळालं, बर्थ नाही. कुणाचा घोटा मुरगळला की बर्थ मिळतो.

या वेटिंग लिस्टवरून आलेल्यांनी खेळाचा इतिहास लिहिलाय. 1952 साली डिक लेन नावाचा तरुण जुनी कात्रणं चिकटवलेली वही घेऊन लॉस एंजेलिस रॅम्सच्या कार्यालयात शिरला आणि मला खेळवून पाहा म्हणाला. त्या पहिल्याच हंगामात, अवघ्या 12 सामन्यांत, त्याने प्रतिस्पर्ध्यांचे 14 पास हवेतून पळवले. हंगाम 17 सामन्यांचा झाला तरी तो विक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही. कर्ट वॉर्नरला 1994 मध्ये ग्रीन बे पॅकर्सने कॅम्पमधून घरी धाडलं. आयोवा राज्यातल्या सीडर फॉल्स गावी एका किराणा दुकानात तासाला साडेपाच डॉलरवर तो रात्री फळ्यांवर माल लावत असे. 1999 मध्ये सेंट लुईस रॅम्सचा मुख्य क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा, सराव सामन्यात जायबंदी झाला आणि वॉर्नरला जागा मिळाली. त्याच हंगामात तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि त्याच्या संघाने सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. 2017 मध्ये त्याचं नाव हॉल ऑफ फेममध्ये गेलं.

वॉर्नरची गोष्ट अमेरिकेत आपल्याकडच्या पुराणकथेसारखी सांगितली जाते. पण अशा कथांत एक खोट असते. त्या ऐकून वाटतं, की जिद्द असली की झालं. ज्या हजारभर मुलांनी त्या-त्या वर्षी वही किंवा टॅब्लेट परत केला त्यांच्यातही जिद्द होतीच. वॉर्नरला जिद्दीबरोबर दुसऱ्याचा मोडलेला गुडघाही लागला. म्हणून मला या सगळ्या व्यवस्थेचं मर्म त्याच्या गोष्टीपेक्षा एका डावात जास्त दिसतं.

1 फेब्रुवारी 2015, अ‍ॅरिझोनातलं ग्लेनडेल, सुपर बोलचा अंतिम क्षण. न्यू इंग्लंड पेट्रिअट्स 28, सिअ‍ॅटल सीहॉक्स 24. 26 सेकंद उरलेत आणि सिअ‍ॅटलला विजयासाठी हवाय फक्त एक यार्ड. उजवीकडे त्यांचे दोन झेलणारे एकामागे एक उभे: पुढे जर्मेन कर्स, मागे रिकार्डो लॉकेट. समोर न्यू इंग्लंडचे दोघे: कर्सला भिडून ब्रँडन ब्राउनर आणि दोन पावलं मागे माल्कम बटलर. बटलर रूकी. काही वर्षांपूर्वी मिसिसिपीतल्या व्हिक्सबर्ग गावी फ्राइड चिकनच्या दुकानात कामाला होता. न्यू इंग्लंडच्या कॅम्पमध्येही तो आधी आला तो कराराविना, नुसत्या चाचणीला. त्या आठवड्याच्या सरावात नेमक्या याच डावावर तो फसला होता. मागच्याच मिनिटाला त्याच्या हाताला लागून उडालेला चेंडू कर्सने जमिनीवर उताणं पडून झेलला होता. चेंडू सुटला. ब्राउनरने कर्सला जागच्या जागी दाबून धरलं, वाट मोकळी झाली आणि लॉकेटच्या आधी बटलर पोचला. पास त्याच्या छातीशी. सामना संपला.

कोट्यवधी लोकांनी तो डाव पाहिला. थोड्यांच्याच लक्षात आलं असेल, की त्या कोपऱ्यात एकमेकांना भिडलेल्या चौघांपैकी एकाचंही नाव ड्राफ्टमध्ये पुकारलं गेलं नव्हतं. कर्स, लॉकेट, ब्राउनर, बटलर, चौघेही यादीबाहेरचे. सिअ‍ॅटलकडून त्या दिवशी 109 यार्ड कमावणारा ख्रिस मॅथ्यूजही तसाच. संघाचा फोन आला तेव्हा तो बुटांच्या दुकानात नोकरी करत होता. मॅथ्यूजचं नाव लोकांना कळलं तेही दोन आठवड्यांपूर्वी, स्पेशल टीम्समध्ये खेळताना त्याने एक उसळता चेंडू झडप घालून मिळवला म्हणून. आज लीगमधल्या दर तीन-चार खेळाडूंमागे एक अनड्राफ्टेड असतो. म्हणजे जाणकारांच्या 257 नावांवर लीग चालत नाही. उरलेली जागा शनिवारच्या फोनवर भरते.

तीन वर्षांनी, 4 फेब्रुवारी 2018 ला, न्यू इंग्लंड पुन्हा सुपर बोलमध्ये होतं, मिनियापोलिसला, ईगल्सविरुद्ध. बटलर आता नावाजलेला बचावपटू होता, हंगामभर जवळजवळ प्रत्येक डावात खेळलेला. त्या रात्री प्रशिक्षकांनी त्याला बचावात एकदाही उतरवलं नाही. तो मैदानात आला फक्त एका डावापुरता, स्पेशल टीम्समध्ये. ज्या दाराने आत आला होता, त्याच दाराशी त्याला पुन्हा उभं केलं. पुढच्याच महिन्यात टेनेसीच्या संघाने त्याला पाच वर्षांसाठी 6 कोटी 10 लाख डॉलरचा करार दिला. पण त्या रात्री तो कडेला उभा राहून बघत होता.

पूर्वार्ध संपत आला तेव्हा ईगल्सही त्याच अंतरावर होते, एक यार्ड. चेंडू क्वार्टरबॅककडे न जाता कोरी क्लेमंट नावाच्या रूकीच्या हाती गेला. त्याने तो पळता पळता ट्रे बर्टनकडे दिला आणि बर्टनने मोकळ्या उभ्या असलेल्या क्वार्टरबॅककडेच फेकला. टचडाऊन. फिलाडेल्फियाने आपला पहिला सुपर बोल 41-33 असा जिंकला आणि त्या डावाचा पुतळा आता त्यांच्या स्टेडियमबाहेर उभा आहे. पुतळ्यात क्वार्टरबॅक आहे आणि प्रशिक्षक आहे. क्लेमंट आणि बर्टन नाहीत. त्या दोघांचं नाव ड्राफ्टमध्येही कुणी पुकारलं नव्हतं.