मेजर ठरेपर्यंतचा वेळ आणि त्याची फी

बारावीचा निकाल लागला की घरोघरी इंजिनिअरिंग, मेडिकल, सीए यांची चर्चा सुरू होते. गणित जमतं, पण इतिहासही सोडवत नाही, अशा मुलांची मात्र पंचाईत होते. त्यांच्यासाठी गेल्या दीड दशकात लिबरल आर्ट्सचं दार उघडलं. पुण्यात सिंबायोसिसने २०११ मध्ये असं कॉलेज सुरू केलं, सोनीपतचं अशोका विद्यापीठ २०१४ मध्ये उभं राहिलं आणि लवळ्याच्या फ्लेमला २०१५ मध्ये विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

इथे आल्या आल्या मुख्य विषय, म्हणजे मेजर, ठरवावा लागत नाही. अशोकात आधी फाउंडेशन कोर्स असतात: साहित्य, भारतीय संस्कृती, मन आणि वर्तन, विज्ञानाची तत्त्वं. अर्थशास्त्र घ्यायचं म्हणून आलेला मुलगा त्यातून मानसशास्त्राकडे वळू शकतो किंवा अर्थशास्त्र मेजर ठेवून जोडीला कम्प्युटर सायन्स मायनर घेऊ शकतो.

थोडक्यात, पालक फी भरतात ती निवडीसाठी मिळणाऱ्या वेळेची. ज्या मुलीला डॉक्टर, आर्किटेक्ट किंवा फार्मासिस्ट व्हायचंच आहे, तिला या वेळेचा उपयोग नाही. त्या वाटा ठरावीक पदवीतूनच जातात. वकिलीचं तसं नाही. कुठल्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांचं एलएलबी करता येतं. यूपीएससीलाही मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणतीही पदवी चालते.

पैशाचा हिशेब मात्र चोख करायला हवा. अनुदानित कॉलेजची वर्षाची फी हजारांत असते, खासगी लिबरल आर्ट्सची लाखांत. त्यात २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर मेजर-मायनर नेहमीच्या कॉलेजांतही आलं आहे: तीन वर्षांना किमान १२० क्रेडिट, चार वर्षांना किमान १६०. मग जादा पैसे कशाचे? छोट्या वर्गाचे, सतत लिहून घेण्याचे आणि हाताशी असलेल्या प्राध्यापकांचे. ते खरंच मिळतं का, हे कॉलेजागणिक बदलतं.

म्हणून चकचकीत माहितीपत्रकापेक्षा चालू सत्राचं वेळापत्रक मागावं. छापलेल्या कोर्सपैकी यंदा किती भरले? हवे असलेले दोन विषय एकाच तासाला तर नाहीत ना? कायम प्राध्यापक किती, तासापुरते येणारे किती? दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याचा तपासून आलेला निबंध बघायला मिळाला तर उत्तमच. समासात शिक्षकाने काय लिहिलंय, की नुसतीच ग्रेड टाकलीय, हे लगेच दिसतं.

पुढे एमएस्सी करायचं मनात असेल, तर ते जिथे करायचं त्या विद्यापीठाची प्रवेशपात्रता आताच वाचावी. संख्याशास्त्रासारख्या विषयाला पदवीत पुरेसं गणित झालेलं लागतं. चार विषयांत थोडं थोडं शिकलेल्यांची तिथेच अडचण होते. शिष्यवृत्तीचीही चौकशी प्रवेशाआधी करावी: ती पहिल्या वर्षापुरती आहे की शेवटपर्यंत, आणि गुण घसरले तर काय, याचं उत्तर लेखी घ्यावं.